आत्याच्या खाटेखालचा डबा

एसटीच्या टपावर माझी ट्रंक चढली आणि आईने खिडकीतून एक गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. चांगलं जड, तीन गाठी मारलेलं. "ह्या आत्येच्याच हातात दी. वाटेत सोडूक जाव नको." गाडी सुटली तरी तिची नजर माझ्यावर नव्हती, गाठोड्यावर होती. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

गिरण्यांचा संप चालू होता. आतोबांचा पगार बंद, आणि त्यात नोकरी शोधायला मी घाटकोपरला, भटवाडीतल्या त्यांच्या चाळीत आणखी एक तोंड होऊन गेले. आत्याने गाठोडं हातात तोललं, हसली आणि खाटेखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण लावलं. आत काय आहे ते मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, पण डब्यावर डोळा ठेवला.

कारण ताटात काय यायचं? दुधी झाला की दुसऱ्या दिवशी सालीची चटणी. फ्लॉवरचे दांडे आमटीत. रात्रीचा भात उरला की सकाळी वाटून घावणे. गावात राहिलेल्या मंडळींनो, आपल्याकडे उरलंसुरलं गुरांना, कुत्र्याला जातं. इथे दारातलं कुत्रंही आशा सोडून गेलं होतं. "टाकूचा काय आसा त्यात?" हे आत्याचं पालुपद. मला खात्री होती, आईने माझ्यासाठी काजू दिलेत आणि ही बाई ते दडवून मला साली खायला घालते. शिवाय दुपारी ती रिकामी पिशवी घेऊन बाहेर पडायची आणि भरलेली पदराखाली लपवून आणायची. मी आत आले की झाकण धाडकन लागायचं. मी ठरवून टाकलं, गणपतीला गावी जायचं आणि परत यायचंच नाही.

पण जाण्याआधी चोरी पकडायची होती. एका दुपारी आत्या नळावर गेल्यावर मी डबा ओढला. आत लाल माती. आमच्या अंगणातलीच, वासावरून कळली. हात खोल घातला तर फणसाच्या आठळ्या. पावसाळ्यात टिकाव्यात म्हणून आई मातीत पुरून ठेवायची, अगदी तशा.

"काय शोधतंस गो?" आत्या दारात उभी.

कोपरापर्यंत माती. "काजू," मी म्हटलं.

ती रागावली नाही. खाली बसली. "माती मीच मागयलय तुझ्या आवशीकडे. हयल्या, मुंबयच्या मातीत गेल्या वर्षी सगळ्यो आठळ्यो कुजल्यो." शेजारी गरे खाऊन फेकत त्या आठळ्या ती घरोघर मागून आणत होती. आतोबांना, आणि मलाही, कमीपणा वाटेल, म्हणून पदराखाली. "औंदा खाणारा एक वाढला, म्हणान जास्ती जमयलय."

मला रडूच आलं. मुंबईला माती कोण नेतं म्हणून मी ती वाटेतच टाकली असती, हे आई ओळखून होती. गणपतीनंतर मी परत आले ते मांडीवर नवं गाठोडं घेऊनच.

आता बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये माझ्या पलंगाखाली तसाच डबा आहे. आई नाही, आत्या नाही, गावच्या घराला कुलूप आहे. तरी घर म्हटलं की मला तो डबाच आठवतो, ज्यात माझ्या वाट्याचं कुणीतरी आधीच जमवून ठेवलं होतं. सुनेला मात्र वाटतं, म्हातारी दागिने लपवते. हल्ली तिचा झाडू पलंगाखाली जरा जास्तच वेळ फिरतो. जाऊ दे तिचाही हात एकदा मातीत.