येडूमिस्त्रीचा पाळणा

आधीची तीन पोरं वर्षाच्या आत गेली, म्हणून चौथ्याला कुणाची नजर लागू नये असं नाव आईनं ठेवलं: येडू. नावापलीकडं त्याच्यात येडेपणा काही नव्हता. सांगोल्याकडच्या माळावर बापाची मेंढरं राखत तो वाढला, आणि अठरा सालच्या दुष्काळात ती मेंढरं एकेक करून बसली ती उठलीच नाहीत, तेव्हा बायकोला, तानाबाईला, घेऊन चालत सोलापुरात आला.

एका गिरणीच्या सुतारखान्यात त्याला काम मिळालं. सहा-सात वर्षं त्यानं मागांचे धोटे घासले, फण्यांच्या चौकटी दुरुस्त केल्या. करवत, रंधा, पटाशी हाताला बसली. मग गिरणीनं तयार सामान बाहेरून मागवायचं ठरवलं आणि सुतारखान्यातली निम्मी माणसं घरी बसवली. येडू दोन दिवस ओट्यावर गुडघ्यांत डोकं घालून बसला.

तिसऱ्या दिवशी तानाबाई म्हणाली, "अवं, गिरणीनं काम काढून घेतलं. हात तर तुमचंच हायत की."

नवं सागवान घ्यायची ऐपत नव्हती. पण पेठेच्या टोकाला चनमल्लप्पाची जुन्या लाकडाची वखार होती. पाडलेल्या घरांच्या तुळया, मोडकी दारं, खांब, गाड्यांचे साटे, सगळं तिथं उन्हात पडलेलं असायचं. येडू बोटांच्या पेरांनी लाकूड वाजवून बघायचा, नखानं कोरून वास घ्यायचा आणि कीड न लागलेलं तेवढं उचलायचा. घरी तानाबाई खिळे उपसायची, दगडावर ठोकून सरळ करायची. तो पाट, चौरंग, मांडण्या करायचा. ती काचकागदानं घासून तेल पाजायची आणि मंगळवारच्या बाजारात डोक्यावर नेऊन विकायची. बाजारातले सुतार हसायचे. "धनगरानं रंधा धरला, आता आम्ही मेंढरं राखायची व्हय?" पण येडूचा चौरंग डुगडुगत नव्हता. दोन-तीन वर्षांत लोक त्याला येडूमिस्त्री म्हणू लागले.

असंच नाव ऐकून शाळामास्तर मुकुंदराव आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई त्याच्या दारात आले. त्यांची दोन मुलं जन्मतःच गेली होती. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते आणि बाईंना पाळणा हवा होता. ओट्याशी टेकून ठेवलेल्या फळ्यांवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "लाकूड कुठलं हो हे?"

येडूला ठाऊक नव्हतं. चनमल्लप्पाकडून आणलेल्या चार खांबांच्या त्या फळ्या होत्या, एवढंच त्याला माहीत. पण बाईंच्या तोंडाकडं बघून तो बोलून गेला, "चांगल्या घरातलं हाय, बाई. भरल्या घरातलं."

पाळणा झाला. मुलगा झाला. बारशाला मास्तरांनी येडूला बोलावून पेढा दिला. मूल दहा महिन्यांचं होईपर्यंत येडूला त्या बोलण्याची आठवणही राहिली नाही.

मग एका हिवाळ्यात शेजारच्या पेठेत उंदीर मरून पडू लागले, म्हणजे प्लेग आला. लोकांनी बिऱ्हाडं उचलून गावाबाहेर पालं ठोकायला सुरुवात केली. आणि त्याच आठवड्यात चहावाल्या हिंदुरावानं येडूकडून घेतलेलं बाकडं उचलून आणून त्याच्या दारात ठेवलं.

"ठेवून घे बाबा तुझं."

"का वो? पाय मोडला का?"

"पाय न्हाय मोडला. चनमल्लप्पाचं लाकूड मागल्या प्लेगात आजाऱ्यांना ठेवलेल्या छपरांचं हाय म्हनं. गाठीचा ताप आलेली मानसं मेली तितं."

संध्याकाळपर्यंत दोन चौरंग आणि एक मांडणी परत आली. कुणी भांडलं नाही. दारात ठेवायचे आणि मागं न बघता निघून जायचे. तानाबाई म्हणाली, "बोलत्यात लोक. बोलू द्या." येडूनं चौरंग आत नेऊन ठेवले. त्याच्या मनात पाळणा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुंदराव आले. अंगात कोट होता, पण डोक्याला टोपी नव्हती. मास्तरांना बोडक्या डोक्यानं रस्त्यावर त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"येडू, बाळाला तीन दिवसांपासून ताप आहे. खूप ताप आहे. खरं सांग, लाकूड कुठलं होतं?"

"ठावं न्हाय, मास्तर."

"भरल्या घरातलं म्हणाला होतास."

"म्हनलो व्हतो. ठावं न्हवतं."

ते रागावून चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं. ते नुसते मान हलवून गेले.

येडूनं पायताण घातलं आणि थेट वखार गाठली. चनमल्लप्पा लोकांच्या बोलण्यानं आधीच वैतागला होता. "अय्यो, तू पण आलास काय? ते चार खांब मंद्रूपच्या हरिबाकडनं घेतलो मी. गाडीवर घालून आणून टाकला. पुढचं त्याला विचार."

मंद्रूप म्हणजे दक्षिणेला सहा-सात कोस. येडू तसाच निघाला. वाटेत घरी डोकावून तानाबाईला एवढंच म्हणाला, "मास्तरांच्याकडं जा. पाळणा उचलून आन. जाळून टाकू."

ती गेली. मालतीबाई पाळण्याशेजारी जमिनीवर बसून दोरी ओढत होत्या. तानाबाईनं उंबऱ्याबाहेरून हात जोडले. "बाई, पाळणा न्यायला आलेय. मिस्त्रीनं सांगितलंय."

मालतीबाईंनी वर पाहिलं. डोळे सुजले होते. "कसा नेता? बाहेर घेतलं की रडतो. त्यातच डोळा लागतोय त्याचा." आणि त्या पुन्हा दोरी ओढू लागल्या. तानाबाईला परत फिरवेना. ती अंगणात बसून राहिली; पाणी भर, चूल पेटव, मागितलं ते करत राहिली.

येडू मंद्रूपला पोचला तेव्हा दिवस कलला होता. हरिबा म्हणजे सत्तरीचा, एका डोळ्यात फूल पडलेला शेतकरी. येडूचं सगळं ऐकून घेऊन तो उठला, काठी घेतली आणि म्हणाला, "चल."

विहिरीच्या पलीकडं एक मोकळी जागा होती. काळवंडलेली चुलवाण होती, शेजारी रिकामे चार खड्डे होते. पाचव्या ठिकाणी एक खांब अजून उभा होता. येडू जवळ गेला. वरच्या टोकाला तुळई बसवायची खाच होती, उजवीकडं जराशी तिरकी कापलेली. तशीच तिरकी खाच त्यानं पाळण्याच्या चारही खांबांवरून करवतीनं काढून टाकली होती. त्यानं खांबाला कपाळ टेकवलं.

"माझ्या आज्याचं गुऱ्हाळ हे," हरिबा म्हणाला. "कारवाराकडनं खांब आनलं व्हतं त्यानं. हिरीचं पानी आटलं, ऊस बंद झाला, मग इकलं. आन काय रं, प्लेगाच्या छपराला सागवान कोन लावतंय? तितं कळकं आन चटया. ती बी सरकार जाळून टाकतंय."

येडू हसला की रडला, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. एवढी साधी गोष्ट सोलापुरात एकालाही सुचली नव्हती, त्यालाही नाही. हरिबानं त्याला भाकरी खायला लावली, रात्री ठेवून घेतलं. पहाटे तो निघाला. लाकूड धड होतं, पण पोराचा ताप उतरला का, हे पावलागणिक त्याच्या छातीत ठोकत होतं.

मास्तरांच्या अंगणात तानाबाई भांडी घासत होती. त्याला पाहताच तिनं राखेचा हात वर केला. "गोवर! गोवर निगाला!" ती ओरडली, जणू सण सांगावा तशी. "डाक्टर येऊन गेलं. अंगभर पुरळ हाय, गाठ कुटंच न्हाय. ताप उतराय लागलाय."

येडू पायरीवर मटकन बसला. आतून मूल किरकिरत होतं, दमलेल्या पण रागीट आवाजात. इतका चांगला आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता.

मुकुंदराव दारात आले. येडूनं गुऱ्हाळाची, खाचेची, हरिबाची सगळी हकीकत सांगितली. मग मान खाली घालून म्हणाला, "पर त्या दिशी मी ठावं नसताना बोललो, मास्तर. ते चुकलंच."

आतून मालतीबाई म्हणाल्या, "त्यांना आधी पाणी द्या हो. मंद्रूपहून चालत आलेत."

पेठेतली बोलणी एका दिवसात थांबली नाहीत. हिंदुरावानं महिन्याभरानं बाकडं परत नेलं, वर म्हणाला, मला तर पटलंच नव्हतं. मांडणीवाला आलाच नाही. पण त्या दिवसापासून येडूनं लाकूड घेताना कुठलं म्हणून विचारल्याशिवाय पैसे काढले नाहीत. चनमल्लप्पा कुरकुरायचा आणि सांगायचा. मुलगा बरा झाल्यावर रविवारी मुकुंदराव येडूच्या ओट्यावर येत आणि बारीक कुंचल्यानं प्रत्येक वस्तूच्या खालच्या अंगाला वळणदार अक्षरात लिहून देत: 'टेंभुर्णी, पडक्या चावडीची तुळई'. 'अक्कलकोट, गाडीचा साटा'.

एकदा एका स्टुलाच्या फळीचा काही केल्या पत्ता लागेना. मास्तर कुंचला धरून थांबले. येडू म्हणाला, "ठावं न्हाय, असंच लिवा." ते स्टूल बाजारात सगळ्यांत आधी गेलं.