मिठावरचा माग

"चाक फिरतंय ना, मग माणूस पोचतोच," असं वंगणतात्या येताजाता सांगायचा. आमच्या गल्लीतला हा सायकली दुरुस्त करणारा. हात कोपरापर्यंत काळे, म्हणून हे नाव. खाटेएवढं दुकान, छताला टायरी लटकलेल्या, दारात पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं.

थोरल्या बहिणीची आणि त्याची बारा वर्षांत भेट नव्हती. तिचे गुडघे गेलेले. एक दिवस तिचा फोन आला, "मी आहे तोवर ये रे. नंतर आलास तर फोटोला भेटशील."

तात्याने लगेच सायकलीत हवा भरली. आधी घाट, मग माळ, मग मिठाचं पांढरं मैदान, आणि त्यापलीकडे अक्का. आठ दिवसांची वाट.

"बसने जा की," बायको म्हणाली.

"अगं, सायकलवालाच बसमधून उतरला तर गावातल्या सायकलींनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" म्हणत त्याने टांग मारली.

घाटात तो सायकलवर बसला नाही, सायकलच त्याच्या खांद्यावर बसली. माळावर समोरून वारा असा, की एकच झुडूप ओलांडायला त्याला दुपार पुरली नाही. सहाव्या दिवशी मैदान लागलं. झाड नाही, दगड नाही, ढगांमुळे स्वतःची सावलीसुद्धा नाही. धुतलेल्या ताटासारखं चहूकडे सारखंच.

तिथे तात्याने सवयीने सायकल उलटी केली, चाकं आभाळाकडे. साखळीला तेल पाजलं, चाक फिरवून कान लावला आणि सायकल सरळ केली. दुकानात मागे भिंत असते, त्यामुळे सरळ केलेली सायकल नेहमी रस्त्याकडेच तोंड करते. इथे भिंत नव्हती.

चार पायडल मारली तोच मिठावर चाकाचा माग दिसला. तात्या हरखला. "आपल्याआधी कुणीतरी गेलंय! आणि काय सरळ चालवतो गडी!" त्या शहाण्याचा माग धरून तो निघाला.

पुढे पुन्हा माळ, पण वारा पाठीला. तात्याला देवच पावला. मग घाट, तोही उताराचा. मग पूल. "यांनी पूल अगदी आपल्यासारखा बांधलाय," तो स्वतःशी म्हणाला. मग आमची गल्ली, आणि दारात बायको.

"अगं, तू माझ्याआधी कशी पोचलीस?"

"मी इथून हललेच नाही. तुम्ही कुठून उगवलात?"

समोरच्या ओट्यावर मी बसलो होतो. हसू दाबायला मी चपलेचा अंगठा तपासू लागलो.

तेवढ्यात फोन वाजला. अक्काच. "कुठवर आलास रे?"

"जवळच आहे गं."

"कुणाच्या जवळ?"

बायकोने फोन ओढून घेतला. "वन्सं, घरीच आहेत. अर्ध्यातून माघारी आले, आणि त्यांना पत्ता नाही!"

अक्का हसली, हसता हसता खोकली, आणि खोकला थांबेना. शेवटी बारीक आवाज आला, "त्याला म्हणावं, लवकर ये. एवढं हसायचं बळ आता रोज नसतं."

तात्याने सायकलीकडे एकदा बघितलं आणि ती भिंतीला टेकवली. "बस किती वाजता?"

"अर्ध्या तासात."

हातही न धुता तो चालू लागला. चौकात थांबला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि तरातरा उजवीकडे वळला.

"अहो, डावीकडे!" बायको ओरडली.

मान वर न करता तो डावीकडे वळला. दिसेनासा झाला तरी ती चौकट धरून उभीच होती, दुसऱ्या बाजूने पुन्हा उगवतो की काय म्हणून.