पाच मिनिटं पुढचं घड्याळ

स्टेशनची दगडी इमारत सव्वाशे वर्षांची आहे आणि अजून दिवसाला चौदा गाड्या तिथे थांबतात. मनोऱ्यातल्या घड्याळाला दर सोमवारी किल्ली देणारा फिटर गेली एकतीस वर्षं एकच. सगळे त्याला घड्याळमास्तर म्हणतात.

हे घड्याळ कायम पाच मिनिटं पुढे असायचं. कुणाची गाडी चुकू नये म्हणून ते तसं ठेवायचं, असं मास्तरला त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं. पण गाव उस्तादाचाही उस्ताद. घड्याळात दहा-पाच दिसले की दहा वाजले, हे तिथलं शेंबडं पोरही सांगायचं.

"मास्तर, तुमच्या घड्याळाला एवढी घाई कसली? पेन्शनची का?" चहावाला विचारायचा. मास्तर हसायचा.

मग नवे साहेब आले. त्यांना हे पटेना.

"साहेब, गावाला सवय आहे," मास्तर म्हणाला.

"मग खऱ्या वेळेची सवय लागू दे."

हुकूम तो हुकूम. सोमवारी मास्तरने काटे पाच मिनिटं मागे घेतले. फलकावर कागद चिकटवला. हमाल, चहावाला, तिकीट खिडकीवरच्या बाई, सगळ्यांना तोंडी सांगितलं. राहिली ती सख्खी बहीण. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ताईचं घर रुळांच्या पलीकडे. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून घड्याळ दिसायचं आणि तिचा सगळा दिवस त्यावर चालायचा. दाजी शहरातल्या इस्पितळात होते. गुरुवारी साडेअकराला त्यांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. माणूस पहिलवानी अंगाचा, पण सुई पाहिली की घाम फुटायचा. "तू आल्याशिवाय मी आत जायचा नाही," असं त्यांनी ताईला बजावलं होतं. दहा-दहाच्या गाडीने ती अकरालाच पोचली असती.

गुरुवारी घड्याळात दहा-पाच झाले तेव्हा तिने कुलूप लावलं. घरापासून पुलावरून फलाटापर्यंत सात मिनिटं लागतात.

मास्तर फलाटावरच होता. गाडीचा शेवटचा डबा सिग्नलपाशी पोचला तेव्हा ताई पुलाच्या पायऱ्या उतरत होती. हातात जेवणाचा डबा होता. ती घाईत नव्हती.

"लवकर सोडली का रे आज?" तिने विचारलं.

"नाही. वेळेवर गेली."

"अरे, घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं झालीत. म्हणजे सातच की."

"आता बाराच असतात, ताई. सोमवारी बरोबर केलं."

ताईने वर घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मास्तरने तिला रिक्षात घालून बसस्टँडवर नेलं आणि बसमध्ये बसवलं. बसला अडीच तास लागतात.

अकरा वाजून वीस मिनिटांनी भाच्याचा फोन आला. "मामा, आईचा फोन लागत नाही. बाबा अडून बसलेत. कुठवर आली?"

"गाडी लेट झालीय, गाडीतच आहे. येईलच," मास्तर म्हणाला. "त्यांना सांग, पाच मिनिटांत पोचते. जा म्हणावं आत."

दाजी आत गेले. ताई पोचली तेव्हा दार बंद होतं. दाजी बाहेर आले नाहीत.

सगळं उरकल्यावर मास्तर तिच्याकडे गेला. काय बोलायचं ते ठरवून गेला होता. ताई भांडी पुसत होती.

"तुझी काही चूक नाही," ती म्हणाली. "घड्याळ बरोबर होतं."

"मी त्यांना खोटं सांगितलं, ताई. तू पाच मिनिटांत पोचतेस म्हणून."

तिचा हात थांबला. मग तिने पुढचं ताट घेतलं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "नाहीतर वाट बघत बसले असते."

मास्तरने फडकं उचललं आणि तिच्या शेजारी उभा राहून वाट्या पुसू लागला. त्या आधीच कोरड्या होत्या.