उप्पिनकाई

आईच्या हातात बांगड्या जाईनात, तेव्हा सगळ्यात जास्त खूश झाला तो कासार. दरवर्षी मुडबीला आमच्या गल्लीत येणारा माणूस, आईच्या हाताचं माप त्याला पाठ. त्या उन्हाळ्यात त्यानं नेहमीच्या बांगड्या चढवायला घेतल्या, तर त्या अंगठ्याच्या बुडाशीच अडकल्या. "अक्का, अंग धरलंय की तुम्ही! लेक गुलबर्ग्याला शिकायली, सुखाचं अंग हाय हे," असं म्हणून त्यानं मोठ्या मापाच्या बांगड्या काढल्या. भोवतीच्या बायांनीही माना डोलावल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या रानात खुरपं चालवून आई काटकुळी राहिली होती. तिचा चेहरा गोल झालेला बघून मलाही बरंच वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

मी गुलबर्ग्याला मास्तरणीचा कोर्स करत होते. पहिलं वर्ष संपवून सुट्टीला आले होते. आमचं गाव तेव्हा मैसूर राज्यात, आणि त्या राज्याचं नाव अजून बदलायचं होतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मुलगी मीच, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे.

दोन दिवसांनी आईचे पाय चेपायला बसले. नडगीवरून अंगठा उचलला, तर खाली खड्डा. मळलेल्या कणकेत बोट रुतवावं तसा, आणि भरून यायला तयार नाही. मी दुसरीकडे दाबलं, तिथंही तेच.

"आई, हे कवापासून?"

"पायात जरा पाणी उतरलंय. दिसभर उभं ऱ्हाऊन व्हतंय."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. घागर घेऊन चार पावलं टाकली की धाप लागायची. आडवं झालं की जीव घाबरायचा, म्हणून ती भिंतीला टेकून झोपायची. हे सगळं तिनं पोळ्यापासून लपवलं होतं. का, ते विचारायची गरज नव्हती. आई अंथरुणाला खिळली असती तर दोन लहान भावांचं आणि बाबांचं करायला घरात बाईमाणूस एकच उरत होतं.

बाबा तिला आमच्या तालुक्याच्या गावी, कल्याणच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, मीही गेले. डॉक्टर मैसूरकडचे होते, मराठीचा गंध नाही. बाबांचं उर्दू, माझं बाजारापुरतं कन्नड आणि त्यांचे हातवारे असं मिळून आमचं बोलणं चाललं. आईचं काळीज थकलंय, त्यामुळं पाणी अंगात साचतंय, असं ते म्हणाले. पाण्याला धरून ठेवतं ते मीठ. रोज सकाळी एक गोळी, बसताना पाय उंचावर, आणि "उप्पु बेडा". मीठ नको, एवढं कन्नड आईलाही कळत होतं.

वाटेत बाबांनी ते आणखी सोपं केलं. "पावसाळ्यात मिठाचं गाडगं पाझरतंय का न्हाई? वरून कुणी पाणी घालतंय का त्यात? मीठ आपणच वढून घेतंय. तसंच हाय हे."

त्या दिवसापासून घरात माझं राज्य सुरू झालं. आईची डाळ वेगळी, भाजी वेगळी. मिठाचं गाडगं मी माझ्या ट्रंकेपाशी नेऊन ठेवलं. तिच्या पायांखाली वाकळांची चवड लावली. पिंडरीभोवती सुतळी धरून माप घ्यायचे आणि तिथं गाठ मारायचे, म्हणजे पुढच्या आठवड्यात कमीजास्त कळेल. शेजारणी बघायला येत, तेव्हा मी त्यांना पाझरणाऱ्या गाडग्याचा धडा देत असे. एकीनं पाणीच तोडा म्हणून सल्ला दिला, तिला मी अशी काही फटकारली की पुन्हा ती आठवडाभर फिरकली नाही.

गोळीचं मात्र अवघड झालं. ती घेतली की तासाभरात आईला चार वेळा उठावं लागे, आणि आमच्याकडं बायांनी बाहेर जायचं ते अंधारातच. दिवसाउजेडी कुठं जाणार? दोन दिवस तिनं गोळी पदराला बांधून ठेवली आणि घेतली म्हणून सांगितलं. बाबांना ते कळलं. रानातून तुराट्यांचे भारे आणून त्यांनी घरामागं आडोसा उभा केला, वर फाटकं पोतं टाकलं. गल्लीत हसू झालं. बाबा म्हणाले, "हसू द्या. आमच्या घरी बंगला बांधायलोय."

पहिल्या आठवड्यात सूज उतरली. सुतळी सैल झाली आणि मी हवेत तरंगू लागले. पण पुढं गाडी अडली. तिसऱ्या आठवड्यात माप होतं तिथंच आलं, धाप परत सुरू झाली. आम्ही परत कल्याणला गेलो. डॉक्टरांनी नडगी दाबली आणि माझ्याकडं बघून चढ्या आवाजात विचारलं, मीठ कोण देतंय? मी आईच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, एक कण नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी गोळी वाढवली आणि उतरलं नाही तर आठ दिवसांनी गुलबर्ग्याला मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं.

घरी चुलती वाट बघत होती. "पोरीला ठिवून घ्या घरी. शिकून कुटं कलेक्टर व्हायलीय?" ती म्हणाली. कॉलेज उघडायला पंधरा दिवस होते. चुलतीशी भांडावं, तर तिचं म्हणणं मलाही पटू लागलं होतं. मनातल्या मनात मी नाव काढून घ्यायच्या अर्जाचा मजकूर जुळवायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची अक्का आली. ती कन्नड बोलणारी, आळंदकडून लग्न होऊन आलेली. मी आईला वाढत होते. बिनमिठाचं आईच्या घशाखाली उतरत नसे. पहिले दोन दिवस तिनं ताट नुसतं चिवडलं होतं, तेव्हापासून मी कैरीच्या लोणच्याच्या दोन फोडी आणि वर चमचाभर खार तिच्या भाकरीवर घालत असे. लोणचं मीच घातलेलं, त्याचंही कौतुक होतं मला. ते बघून अक्काचा हात गालावर गेला.

"आगं, उप्पु इल्ला म्हंतीस आन् उप्पिनकाई वाढायलीस?"

"लोणचं हाय अक्का. मीठ न्हाई."

"उप्पिनकाई," ती एकेक अक्षर फोडून म्हणाली. "उप्पु. काई. मिठाचं फळ. नावातच मीठ हाय की गं!"

माझा हात ताटावरच राहिला. बाजारात शंभरदा हा शब्द मी तोंडानं उच्चारला होता. कन्नडच कशाला, आम्ही घरात ज्याला खार म्हणतो तो दुसरं काय असतो? ओंजळ ओंजळ मीठ त्या बरणीत मी स्वतःच्या हातानं घातलं होतं. डाळीतलं मीठ मोजून काढत होते आणि लोणच्यातलं चमच्यानं वाढत होते, तेही दोन्ही वेळेला. कारण आमच्या घरात मीठ ते गाडग्यातलं, आणि लोणचं ते लोणचं.

मी चुलीपाशी जाऊन रडले. आई भिंतीला धरत आत आली.

"कामून रडायलीस?"

"मीच तुला सुजवली. डोक्यावर हात ठिवून खोटं बोलले मी."

"व्हय, तूच," ती म्हणाली, आणि हसायलाच लागली, धाप लागेपर्यंत. "पर माय, त्या फोडी न्हाई दिल्या असत्यास तर मी उपाशी मेले असते. आता दुसरं काय तरी कर."

दुसरं काहीतरी म्हणजे लिंबू, भाजलेला लसूण, कच्चा कांदा, आणि जवस भाजून बिनमिठाची चटणी. पापडही गेला, कारण त्यात खार असतो हे आता मला कुणी सांगावं लागलं नाही. चार दिवस आईनं तोंड वाकडं केलं. पाचव्या दिवशी स्वतःहून लिंबू मागितलं. आठव्या दिवशी डॉक्टरांनी नडगी दाबली, अंगठा उचलला, पुन्हा दाबली; खड्डा उरला नव्हता. मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सगळी कबुली दिली. ते मोठ्यानं हसले आणि त्यांनी दवाखान्यातल्या नर्सला बोलावून ती परत सांगायला लावली. गोळी कायम राहील, काळीज नवं होणार नाही, पण असं सांभाळलं तर बाई चालती-फिरती राहील, असं ते म्हणाले.

तरीही मी जाणार नव्हते. अक्का दुपारी येऊन बसेल, बाबा पाणी भरतील, हे सगळं ठरलं, पण माझा पाय निघेना. सकाळी आईनं माझी ट्रंक स्वतः बाहेर काढली. बाबांनी ती डोक्यावर घेतली. आई माझ्याबरोबर स्टँडवर आली, मधे एकदाच थांबली. गाडी लागलेली होती आणि ड्रायव्हर चहा पीत होता. मी खिडकीपाशी बसले. आता ती गाडी सुटेपर्यंत थांबेल, डोळे पुसेल, आणि मग मी उतरेन, असं मला वाटत होतं.

ती थांबली नाही. "येते मी, भाकरी टाकायच्यात," म्हणून वळली आणि चालायला लागली. बाबा मागं राहिले तरी तिनं वाट बघितली नाही. पाराजवळ बायांनी हाक मारली, तिथंही बसली नाही. ती सरळ रस्त्याच्या मधून चालत होती, गाडीच्या खिडकीतून दिसेल अशी, आणि एकदाही मागं वळली नाही. चढावर तिची पावलं थोडी मंद झाली, पण थांबली नाहीत. ती घराच्या वळणाला लागली तेव्हा कंडक्टर माझ्यापाशी आला आणि कुठं जायचं म्हणून विचारलं. मी म्हणाले, "गुलबर्गा."