मनगटावरचा पहारा

मुलाने दिवाळीत घड्याळ आणलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. तो आणि सूनबाई पुण्याहून नाशिकला, आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटवर आले होते. फराळाच्या ताटल्या बाजूला सारून त्याने माझा हात हातात घेतला आणि स्वतः ते बांधलं. गुळगुळीत काच, मऊ पट्टा. मग माझा फोन घेऊन तो गॅलरीत बसला आणि बराच वेळ काहीतरी जोडत राहिला. आत आल्यावर म्हणाला, "झालं सगळं सेट. तुला काहीच करायचं नाही, आई. फक्त घालायचं आणि झोपताना चार्जिंगला लावायचं."

"आणि वेळ कशी बघायची? हे आकडे मला दिसत नाहीत रे."

"बाबा आहेत ना. त्यांना विचार."

मी हसले. सणासुदीचं कशाला बोलायचं, म्हणून हसले. पण मनात आलं, ज्या घड्याळात वेळ बघायला दुसऱ्या माणसाला हाक मारावी लागते, ते घड्याळ कसलं?

काचबिंदूने माझी नजर कडेकडेने खात आणली आहे. आता समोरचं जग नळीतून बघावं तसं दिसतं, आणि त्या नळीतही धुकं. निवृत्त होईपर्यंत मी शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर नाशिक जिल्ह्याचा नकाशा हातानं काढायचे, गोदावरी, गिरणा, कादवा सगळ्या जिथल्या तिथे. नजर गेली म्हणून तो नकाशा डोक्यातून गेलेला नाही. पण हे लोकांना पटत नाही. नजर कमी झाली की कानही कमी झाले आणि अक्कलही, असं धरूनच लोक वागतात. डॉक्टर माझे डोळे तपासतात आणि यांना सांगतात, "ह्यांना आता एकटं बाहेर सोडू नका." सोडू नका! मी काय गोठ्यातली गाय आहे?

घड्याळ आल्यापासून सूनबाईचे फोन वाढले. मी कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे निघाले की फोन. "आई, बाहेर आहात का? जपून हं." जॉगिंग ट्रॅकवर शेजारणीबरोबर थोडी जास्त वेळ बसले की मुलाचा फोन. "आज उशीर झाला का गं?" मला वाटायचं, काय पोरं आहेत, नेमकी वेळेला आठवण येते यांना. शेजारणीला मी कौतुकाने सांगायचे सुद्धा.

मग थंडीत एक दिवस मी एकटी रिक्षा करून कॉलेज रोडला गेले. तिथे दृष्टिहीनांना मोबाइल वापरायला शिकवणारा एक वर्ग चालतो, असं कानावर आलं होतं. घरी सांगितलं नव्हतं. आधी स्वतः बघावं, जमतंय का ते अजमावावं, मग सांगावं असा बेत होता. रिक्षातून उतरून जिना शोधत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"आई, कॉलेज रोडला काय करतेस तू?"

मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. "तुला कसं कळलं?"

"अगं, दिसतं ना. घड्याळ आहे ना तुझ्या हातात." अगदी सहज म्हणाला. "सोसायटीच्या बाहेर पडलीस की आम्हाला अलर्ट येतो. बाबांनाही माहीत आहे."

दोन महिने मी ज्याला माया समजत होते, ती सूचना होती. घंटी वाजायची, ती माझ्यासाठी नव्हती, माझ्याबद्दल होती. पुण्याला, ऑफिसात बसलेल्या मुलाला कळत होतं की त्याची आई दाराबाहेर पडली. यांना कळत होतं. फक्त मलाच माहीत नव्हतं की माझ्या हाताला काय बांधलंय.

घरी आल्यावर मी घड्याळ काढून यांच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, काळजीपोटीच केलंय त्याने. उद्या रस्त्यात पडलीस, काही झालं..."

"काळजी करायला माझी ना नाही. मला विचारायला काय झालं होतं?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाही?"

यावर यांनी वर्तमानपत्र उघडलं. मला त्या पानांचा आवाज ऐकून आणखी संताप आला. चाळीस वर्षांचा संसार, आणि नाही म्हणेल म्हणून बायकोला विचारायचंच नाही?

कॉलेज रोडचा तो वर्ग मात्र मी सोडला नाही. तिथे मला सटाण्याची एक बाई भेटली. जन्मापासून पूर्ण अंध, सटाण्यात मुलांना गाणं शिकवते. वर्गाच्या कामासाठी अधूनमधून नाशिकला यायची. माझ्याहून बरीच लहान, पण बोलणं असं ठसठशीत की मीच तिच्यासमोर विद्यार्थिनी. "ताई, फोन बोलता करायचा," म्हणाली, "मग काही अवघड नाय. सोपं शे." पुढे ती संध्याकाळी फोनवरून मला शिकवू लागली. मी तिच्याशी यांच्या फोनवरून बोलायचे आणि माझ्या फोनवर बोट फिरवायचे.

पहिले काही दिवस रडकुंडीला आले. फोन बोलता केला की त्याचं सगळं तंत्रच बदलतं. एकदा टेकवलं की बोटाखाली काय आहे ते तो वाचतो, दोनदा टेकवलं की उघडतो. हे मला माहीत होतं, यांना नव्हतं. एकदा यांनी नेहमीसारखा माझा फोन उघडायला घेतला आणि तो बडबडायला लागल्यावर घाबरून म्हणाले, "अगं, बिघडला हा!" आवाजही सुरुवातीला इतका भरभर यायचा की कोणी माझ्यावर चिडलंय असं वाटायचं. मग सटाण्याच्या बाईने वेग कमी करायला शिकवलं. कानाच्या पुढे, हाडावर टेकतात असे इअरफोन घ्यायला लावले. त्यामुळे फोनही ऐकू येतो आणि रस्त्यावरच्या गाड्याही. औषधाच्या पट्टीवरची बारीक अक्षरं कॅमेऱ्यासमोर धरली की फोन वाचून दाखवू लागला. बोलून मी निरोप लिहू लागले.

आणि इथे मला दुसऱ्या जातीच्या संतापाची ओळख झाली. गॅस नोंदवायचं एक ॲप उघडलं तर फोन म्हणतो, "बटन." पुढे सरकले. "बटन." आणखी पुढे. "बटन." कसलं बटन, कशासाठी, काही नाही. ज्याने ते बनवलं त्याने प्रत्येक बटनाला एक नाव दिलं असतं, तर माझ्यासारख्या किती जणींचं काम झालं असतं! मी चौकशीच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि गोड आवाजात विचारलं, "मॅडम, घरात डोळ्यांनी दिसणारं कोणी नाही का?"

"आहे," मी म्हटलं, "पण सिलिंडर मला नोंदवायचाय."

ती ओशाळली असेल, पण तोंडाने एवढंच म्हणाली की तुमची तक्रार पुढे पाठवते. पुढे म्हणजे कुठे, ते देव जाणे.

घड्याळ तोवर कपाटात पडलं होतं. सटाण्याच्या बाईला मी त्याची सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली, "ताई, राग माणसावर काढा, घड्याळावर नका. काढा बाहेर." मग एक अख्खी संध्याकाळ तिने मला त्या घड्याळात फिरवलं, आणि मला कळलं की ते बोलू शकतं. नुसतं बोलत नाही, काचेवर बोटं टेकवली की मनगटावर टिचक्या मारून वेळ सांगतं. तासांच्या लांब, मिनिटांच्या आखूड. देवळात बसा, मयताला बसा, कोणाला न कळता वेळ कळते. रस्त्याने चालताना डावीकडे वळायचं तर एक प्रकारे थरथरतं, उजवीकडे वळायचं तर दुसऱ्या प्रकारे. हे सगळं त्या घड्याळात पहिल्या दिवसापासून होतं!

सेटिंगमध्ये शोधता शोधता मला तेही सापडलं, माझं ठिकाण मुलाला पाठवणारं. मला ऐकवणारी, मला टिचक्यांनी वेळ सांगणारी सोय त्याच फोनमध्ये, तिथून फार लांब नव्हती. गॅलरीत बसून त्याने एवढं सगळं जोडलं होतं. माझ्यावर नजर ठेवायची सोय त्याने शोधून काढली. मला उपयोगी पडणारी शोधावी, असं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आई काहीतरी वापरेल, हेच त्याला सुचलं नव्हतं. याचा मला जितका राग आला, तितका पाळतीचाही आला नव्हता.

मी ते ठिकाण पाठवणं बंद केलं. आणि सटाण्याला जायचं ठरवलं.

तिच्या विद्यार्थ्यांचं गाणं होतं, तिने बोलावलं होतं. यांना आदल्या दिवशी सांगितलं. "मी येतो," हे म्हणाले. "नको," मी म्हणाले. "सकाळी जाईन, संध्याकाळपर्यंत परत येईन. पोचले की फोन करते." हे दारापर्यंत आले, रिक्षात बसेपर्यंत उभे राहिले, पण आले नाहीत. त्याबद्दल त्यांना श्रेय द्यायला हवं.

एसटीत खिडकीची जागा मिळाली. मांडीवर पांढरी काठी घडी करून ठेवली होती. कंडक्टर आला आणि माझ्या शेजारच्या बाईला विचारतो, "यांना कुठं जायचंय?"

त्या बिचारीला काय माहीत? मी म्हटलं, "यांना सटाण्याला जायचंय. एक सटाणा द्या."

फोन कानात गावं सांगत होता. ओझर गेलं. पिंपळगावला कांद्याच्या गाड्यांमुळे बस खोळंबली, तेही मी नाकाने ओळखलं. पुढे ऊन चढलं, खिडकीतून कोरडा वारा यायला लागला. बऱ्याच वेळाने बस एका स्टँडवर वळून थांबली आणि कंडक्टरने येऊन सरळ माझं कोपर धरलं.

"चला मावशी, आलं तुमचं. उतरा लवकर."

मी मांडीवरची पिशवी उचललीसुद्धा. तेवढ्यात कानात आवाज आला, देवळा. मी परत बसले.

"हे देवळा आहे. माझं तिकीट सटाण्याचं आहे."

"अहो मावशी, तुम्हाला दिसत नाय म्हणून सांगतोय ना मी! देवळ्याच्याच तुम्ही. उतरा, गाडी सोडायचीय."

"हात सोडा आधी माझा," मी म्हटलं. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज आपोआप निघाला. "आणि तिकीट बघा."

त्याने तिकीट बघितलं. मागच्या बाकावरून एक म्हातारी ओरडली, "अरे बाबा, देवळ्याची मी हाय! मला उतरव!" बसमधले लोक हसले. कंडक्टर त्या म्हातारीला उतरवायला गेला. परत आल्यावर जरा नरमून म्हणाला, "सॉरी मावशी, घोळ झाला. पण तुम्हाला कळलं कसं?"

"जसं तुम्हाला कळतं तसंच," मी म्हटलं. पण खरं सांगते, कानात तो आवाज नसता, तर मी निमूटपणे उतरले असते, आणि अनोळखी स्टँडवर उभी राहून मुलालाच फोन केला असता. मग तो म्हणाला असता, बघ, म्हणूनच.

सटाण्याला ती गाणं शिकवणारी बाई स्टँडवर माझी वाट बघत उभी होती. माझा आवाज ऐकल्याबरोबर तिने हात पुढे केला. मुलांचं गाणं झाल्यावर तिच्या घरी आम्ही भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मुलाचं काय करायचं, असं मी विचारलं तेव्हा ती हसायला लागली.

"माझ्या भावानं पण हेच केलं होतं. मी म्हटलं, ठीक शे दादा, राहू दे. पण मग तुझंही लोकेशन मला दे. तू कुठं जातो, कधी येतो, मलाही काळजी वाटते ना. दुसऱ्याच दिवशी त्यानं बंद केलं."

पुढच्या रविवारी मुलगा घरी आला. सटाण्याची हकीकत त्याला यांच्याकडून कळली होती आणि तो तापूनच आला होता.

"लोकेशन का बंद केलंस, आई? काही झालं असतं म्हणजे?"

"चालू करते," मी म्हटलं. "फक्त तुझंही मला पाठव. ऑफिसातून निघालास, कुठे थांबलास, घरी किती वाजता पोचलास, सगळं. माझा फोन मला वाचून दाखवेल."

"माझं कशाला?"

"मला काळजी वाटते."

"अगं, पण ते... मी काय लहान आहे का?"

सूनबाई हळूच म्हणाली, "दे ना आता. बघू तरी." तो तिच्याकडे बघत असावा. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि तो उठून गॅलरीत गेला. बराच वेळ तिथे उभा होता. मी हाक मारली नाही.

आत आला तेव्हा माझ्या शेजारी बसला. "मला वाटलं नव्हतं तुला इतकं लागेल," म्हणाला.

"विचारलं असतंस तर कळलं असतं."

"हो."

मी पडले तर त्याच्या फोनवर वाजणारी, घड्याळातली सूचना मी चालू ठेवली आहे. ती मी ठेवली आहे, माझ्या मर्जीने. ठिकाण मी लांब निघाले की पाठवते आणि पोचले की बंद करते. त्याला हे पूर्ण पटलेलं नाही. अधूनमधून फोनवर त्याचा आवाज ताणलेला असतो आणि "कुठे आहेस?" हा प्रश्न त्याच्या जिभेवर येऊन थांबतो, तो मला ऐकू येतो. मग कधी मी आपणहून सांगते, कधी सांगत नाही. राग अजून गेलेला नाही माझा, आणि तो घालवायची मला घाईही नाही.

परवा निफाडला माझ्या मावसबहिणीकडे जाऊन आले. द्राक्षं आणली. हे विचारत होते, तिथे एकटीने एवढा वेळ काय करत होतीस. गप्पा मारत होते, म्हटलं, आणखी काय करणार?