इस्त्रीमामांची लांबलेली प्रार्थना

माणूस चोरायचा असेल तर तीन गोष्टी उचलायच्या: त्याची मान, त्याचा श्वास, आणि हातांना काम नसताना तो त्यांचं काय करतो ते. आवाज मागोमाग आपोआप येतो. चाळीस वर्षं रंगमंचावर मी हाच धंदा केला. न्यायाधीश चोरले, दारुडे चोरले, सासवा तर घाऊक चोरल्या. कुणाचं काही बिघडलं नाही. एकदाच असा डल्ला मारला की मूळ मालकाकडे काही उरलं नाही. त्या मालकाबद्दल हे लिहितो आहे.

आमच्या चर्चच्या मंडळीत त्यांना सगळे इस्त्रीमामा म्हणत. चर्चच्या मागच्या गल्लीत, एका जिन्याखाली त्यांचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक लांब टेबल, त्यावर चौघडी करून अंथरलेलं घोंगडं, छताच्या हुकातून लोंबणारी वायर आणि पाण्याचं एक पोचे पडलेलं भांडं. माणूस ठेंगणा. जड इस्त्री ओढून ओढून उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली गेलेला. बायको लवकर देवाघरी गेली, मुलगी लग्न होऊन लांब. प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड, गाणाऱ्यांचे झगे, पाळकसाहेबांचा झगा, सगळं शनिवारी त्यांच्याकडून कडक होऊन यायचं. हे फुकट होतं, हेसुद्धा आमच्यापैकी निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. पांढरं कापड पांढरंच असतं, त्यात काय पाहायचं!

रविवारी उपदेश संपला की पाळकसाहेब म्हणत, "ज्यांना प्रार्थना करायची आहे, त्यांनी करावी." दोघं-तिघं उठत, चार वाक्यं बोलत, बसत. मग शेवटच्या बाकाजवळ खुर्ची सरकल्याचा आवाज येई. मामा बाकावर बसत नसत, दाराशी खुर्ची टाकत. तो आवाज आला की माझी बायको घड्याळाकडे बघे आणि पुटपुटे, "चला, गॅसवरचं करपलं."

"देवबापा," मामा सुरू करत, "शिवणवाल्या ताईंची आठवण कर. बेकरीवाल्यांच्या थोरल्या सुनेची आठवण कर. पुलाजवळच्या आजोबांची आठवण कर." मग थांबत. मान खाली, लांब श्वास. आता आमेन होणार म्हणून सगळे सरसावून बसत. तेवढ्यात तो उतरलेला खांदा वर येई, गरम इस्त्री उचलावी तसा, आणि, "आणि आणखी एक, बापा." पुन्हा एक नाव. पुन्हा श्वास. "आणि आणखी एक." असं आठ-दहा वेळा. देवाकडे काय मागायचं ते सांगत नसत. नुसती आठवण कर.

ही नावं कुठून येत, ते मला फार उशिरा कळलं. कपड्यांतून येत. रोजचे ऑफिसचे शर्ट येईनासे झाले की समजायचं, नोकरी गेली. एका घरून आठवड्यात सहा चादरी आल्या की कुणीतरी अंथरुणाला खिळलंय. मामा यातलं अक्षरही कुणाला सांगत नसत. फक्त नाव घेत. उपासना सुटल्यावर पायऱ्यांवर कुणीतरी विचारी, "मामा, शिवणवाल्या ताईंचं काय?" त्यावर ठरलेलं उत्तर, "जाऊन या की एकदा." आणि कुणीतरी जाई. डबा जाई, औषध जाई, रात्री सोबतीला माणूस जाई. आम्हाला वाटे, आमची मंडळी किती मायाळू. घड्याळाकडे बघता बघता आम्ही मायाळू झालो होतो, एवढंच.

माझी नाटक कंपनी बंद पडली तेव्हा मी कुणाला बोललो नाही. रोज दाढी करून, कोट घालून बाहेर पडायचो आणि बागेत बसायचो. कोट मात्र इस्त्रीला जाणं बंद झालं. तिसऱ्या रविवारी मागून आवाज आला, "आणि आणखी एक, बापा. नाटकवाल्यांची आठवण कर."

माझे कान तापले. चार माना माझ्याकडे वळल्या. त्याच आठवड्यात शाळेतल्या निवृत्त बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "आमच्या मुलांना नीट वाचायला कुणी शिकवत नाही, तुम्ही येता का?" त्यांनी लावून दिलेल्या त्या कामावर आमची चूल तीन वर्षं पेटली. माणसानं अशा वेळी कृतज्ञ व्हावं. मी मनात डूख धरला. ज्याच्या नावानं लोक तिकिटं काढायचे, त्याचं नाव आजाऱ्यांच्या यादीत!

पुढे मंडळीचा स्नेहमेळावा आला. जेवणानंतर करमणूक, आणि करमणुकीला मी. त्या सकाळी माझा जुना काळा कोट मामांनी स्वतः घरी आणून दिला. "तुम्ही आज स्टेजवर ना? बाहीची घडी मोडली होती, नीट केली." पैसे विचारले तर हात हलवून निघून गेले.

तो कोट घालून मी उभा राहिलो. आधी पाळकसाहेब केले: चष्मा कपाळावर चढवायचा आणि मग तोच सगळीकडे शोधायचा. साहेब डोळे पुसेपर्यंत हसले. मग गाणाऱ्यांतल्या जाड्या काकांचा शेवटचा सूर केला. सभागृह तापलं होतं. नटाला ती ऊब लागली की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. मी खुर्ची सरकवली. नुसत्या त्या आवाजाला हशा! उजवा खांदा दोन बोटं खाली सोडला, मान खाली घातली, श्वास घेतला.

"देवबापा, ज्याचा शर्ट आला नाही त्याची आठवण कर. ज्याचा आला त्याचीही कर. आणि आणखी एक, बापा, ज्यांची भाजी करपली त्यांची. आणि आणखी एक..."

लोक बाकांवरून घसरायचे बाकी होते. दहा वेळा मी ते वाक्य म्हटलं, दर वेळी हशा वाढला. मामा दाराशी होते. तेही हसले. टाळ्यासुद्धा वाजवल्या, फक्त इतरांच्या थोडं नंतर.

घरी येताना बायको पुढे पुढे चालत होती. दारात कुलूप काढताना म्हणाली, "कोट छान दिसत होता हो."

पुढच्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "ज्यांना प्रार्थना करायची आहे, त्यांनी करावी." दोघं उठले, बसले. आम्ही खुर्चीच्या आवाजाची वाट पाहिली. काही जण आधीच तोंड दाबून हसत होते. खुर्ची सरकली नाही. साहेबांनी थोडं थांबून आशीर्वाद दिला. पायऱ्यांवर जाडे काका म्हणाले, "आज लवकर सुटलो बुवा. तुमची कृपा!" आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

असे सहा रविवार गेले. मामा येत, दाराशी बसत, गीतं म्हणत. मेजावरचं कापड पूर्वीइतकंच कडक असे. फक्त ते उभे राहत नसत. मी स्वतःला सांगत होतो, थकले असतील, वय झालं.

सातव्या आठवड्यात कळलं की शाळेच्या बाई, माझी चूल पेटवणाऱ्या त्याच बाई, न्हाणीघरात घसरून सोळा दिवस अंथरुणात होत्या. मंडळीतलं कुणी फिरकलं नव्हतं. कुणाला ठाऊकच नव्हतं. मी धावत गेलो. बाई उशांना टेकून बसल्या होत्या. चादर कोरी करकरीत.

"कुणी बघितलं तुमच्याकडे इतके दिवस?"

"मामा येतात की. सकाळी चहा, संध्याकाळी चादर. दुकान अर्धा दिवस बंद ठेवतात माझ्यापायी. तुम्हा लोकांना काय झालं होतं? पूर्वी कसे यायचात!"

मी तिथून तडक जिन्याखाली गेलो. मामा गाणाऱ्यांचा झगा पसरत होते.

"मामा, बाईंचं सांगितलं का नाहीत कुणाला?"

"सांगायची जागा एकच होती," ते म्हणाले. "तिथे आता हसू येतं लोकांना."

"आमच्या हसण्याचं काय मनावर घेता?"

"लोकांचं नाही हो." त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, राग नव्हता, आणि राग असता तर मला बरं वाटलं असतं. "उभा राहून बघितलं मी, घरी. तोंड उघडलं की मला माझा आवाज येत नाही. तुमचा येतो. तुम्ही केलात तो. इतका हुबेहूब केलात, नाटकवाले, की आता मी केला तर नक्कल वाटते."

आयुष्यात माझ्या कामाची अशी पावती दुसऱ्या कुणी दिली नाही.

यानंतर शहाण्या माणसानं गप्प राहून काहीतरी केलं असतं. मी नट. रविवारी मीच प्रार्थनेला उभा राहिलो आणि सगळ्या मंडळीसमोर पश्चात्ताप केला. आवाज नेमका जिथे फुटायला हवा तिथे फुटला. एक हात छातीवर, एक दाराकडे. बायका रडल्या, जाडे काका रडले. सुटल्यावर लोकांनी माझे हात धरले, "काय बोललात! अंगावर काटा आला." मामांनीही हात मिळवला. म्हणाले, "कशाला एवढं," आणि खुर्ची उचलून भिंतीला लावली.

"झालं?" घरी बायको म्हणाली. "टाळ्या तेवढ्या राहिल्या. त्या माणसाचं तोंड बंद केलंत ते केलंत, वर त्याच्या नावावर आणखी एक प्रयोग लावलात."

"मग काय करू मी?"

तिनं धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं माझ्या अंगावर टाकलं. "हे देऊन या. आणि लगेच परत येऊ नका."

मी गेलो. त्या दिवशी मामांनी एका मोठ्या चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली, कारण ती एकट्याला ओढायला जड होती. दुसऱ्या दिवशीही गेलो. महिनाभरात मला टोकाला टोक जुळवता येऊ लागलं. कॉलर आधी आतून, मग बाहेरून, हे आलं. मग मी घरोघरी कपडे पोचवायला लागलो. दार उघडणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघायला लागलो. आम्ही फारसं बोलत नसू. एखाद्या घडीवर हात ठेवून मामा म्हणत, "यांच्याकडून आजोबांचं धोतर... नाही, राहू दे," आणि मी समजून जायचो.

एका रविवारी मी उठलो. छाती नाही, हात नाही, हात मागे घट्ट धरून ठेवले. "देवबापा, बाईंची आठवण कर. बेकरीवाल्यांच्या सुनेची आठवण कर. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्यांची..." आणि पुढचं नाव विसरलो. चाळीस वर्षांत स्टेजवर कधी ओळ विसरलो नव्हतो. घामानं कोट चिकटला. लोक चुळबुळू लागले. तेवढ्यात दाराकडून, बसूनच, हलक्या आवाजात नाव आलं: "पुलाजवळचे आजोबा."

नाटकात पडद्याआडून ओळ पुरवणारा माणूस असतो. प्रेक्षकांना तो दिसत नाही, पण तो नसला तर राजाचा भिकारी व्हायला वेळ लागत नाही. पुढची नऊ वर्षं आमचं असं चाललं. मी उभा राहायचो, अडखळायचो, मामा बसून नाव द्यायचे. डबे पुन्हा जाऊ लागले, सोबती पुन्हा जाऊ लागले. काही लोक म्हणत, नाटकवाल्यांची प्रार्थना हल्ली किती साधी झाली. मी मान खाली घालायचो. ती माझी नव्हती. ज्याची होती तो माणूस पुन्हा कधीच उभा राहिला नाही. मी वाट पाहिली, दर रविवारी, आमेनच्या आधी एक श्वास थांबून. खुर्ची सरकली नाही. आणि ते तीन शब्द, 'आणि आणखी एक', मी परत कधी उच्चारले नाहीत. चोरीचा माल दुसऱ्यांदा विकवत नव्हता.

मामा गेल्या हिवाळ्यात गेले, दोन दिवसांच्या तापात. मुलगी आली. त्यांचा शेवटचा शर्ट मी केला, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच इस्त्रीनं. कॉलर आधी आतून, मग बाहेरून. उजव्या खांद्याशी एक चुणी काही केल्या जाईना. शर्ट सरळ होता, पण घालणारा दोन बोटं कललेला होता. तशीच ठेवली.

दफनभूमीत माती लोटण्याआधी पाळकसाहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "प्रार्थना कराल?"

मी पुढे झालो. त्या आठवड्याची सगळी नावं घेतली. या वेळी एकही विसरलो नाही, मागून कुणी सांगायला नव्हतं म्हणूनच बहुधा. नावं संपली आणि एकच राहिलं. ते घ्यायचं तर आधी ते तीन शब्द म्हणायला हवे होते, त्याशिवाय ते नाव शोभलं नसतं. मी श्वास घेतला आणि माझ्या लक्षात आलं की माझा उजवा खांदा खाली गेला आहे. इतक्या वर्षांनी, आपोआप. मी तोंड उघडलं असतं तर त्यांचा आवाज आला असता, हुबेहूब. मी भीतीनं तोंड मिटलं. लोक थांबले. साहेब थांबले. मुलगी माझ्याकडे बघत होती.

माझ्या शेजारी बायकोनं पदर सारखा केला. घड्याळाकडे बघणारी, खरखरीत आवाजाची माझी बायको, जिनं उभ्या आयुष्यात चारचौघांत प्रार्थना केली नव्हती.

"आणि आणखी एक, बापा," ती म्हणाली. "आमच्या इस्त्रीमामांची आठवण कर."

सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी ओठ हलवले. आवाज काढला नाही.