सासरा आला, फिल्टर काढा!

गॅरेजवाल्याच्या घरात किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते धुळीसारखे आपोआप बसतात. सकाळी झटकावेत, तर दुपारच्या चहाला नवा थर तयार! माझ्या लग्नाला अजून वर्षही झालेलं नाही, पण मैत्रिणी विचारतात, "काय गं, चिंचवडला करमतं का?" करमतं की नाही याचा विचार करायला निवांतपणा मिळाला, की सांगीन. तोवर हे ऐका. सगळे किस्से एकाच मोटारीचे आहेत. आमच्याकडे दुसऱ्या गाड्या येत नाहीत असं नाही, पण दुसऱ्या गाड्या दुरुस्त होऊन जातात.

* * *

मुंबई रस्त्याला लागून आमचं गॅरेज आणि गॅरेजच्या पाठीला पाठ लावून घर. घरात मी, हे आणि सासूबाई. गॅरेजात यांचे भागीदार कासीमभाई. चहाच्या वेळी तेही घरातलेच, आणि चहाची वेळ आमच्याकडे कधीही होते.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हे म्हणाले, "चल, तुला एक गंमत दाखवतो." मला वाटलं, नदीवर नेतायत. चांगलं लुगडं नेसून बाहेर आले, तर यांनी मला नेऊन उभं केलं डॉक्टरांच्या मोटारीपुढं! बॉनेट उघडं आणि यांच्या हातात एक चपटी, जाळीची पत्र्याची चकती. इंजिन जी हवा ओढतं, ती या फिल्टरमधून गाळून जाते, असं यांनी समजावलं. मग चकती जमिनीवर आपटली. मूठभर करडी धूळ खाली पडली.

"बघ! ही चाकणच्या रस्त्याची धूळ. जाळीला जुमानत नाही. एवढीच्या एवढी इंजिनाच्या पोटात गेली असेल." चेहरा असा, की घरातलंच कुणी अंथरुणाला खिळलंय.

माझं माहेर चाकणचं. दारात उभ्या सासूबाई म्हणाल्या, "रुखवतात यायची ऱ्हायली व्हती, ती आता आली म्हनायची!"

* * *

डॉक्टर चाकणपासून चऱ्होलीपर्यंत खेड्यापाड्यांत पेशंट बघत फिरतात. मोटार त्यांच्या सासऱ्यांनी दिलेली. म्हणजे वापरायला दिलेली. कागदावर अजून सासऱ्यांचीच. सासरे पुण्याचे, रिटायर मामलेदार, सगळे त्यांना रावसाहेब म्हणतात. त्यांचा एकच कायदा: कंपनीनं जे जिथं बसवलंय, ते तिथंच राहिलं पाहिजे. मागे डॉक्टरांनी नुसता हॉर्न बदलला, तर रावसाहेब मोटार पुण्याला घेऊन गेले आणि डॉक्टर ऐन उन्हाळ्यात सायकलवर!

त्यामुळं यांनी मोठा फिल्टर बसवायचं काढलं, तेव्हा डॉक्टर आधी दरवाज्याकडं बघून घेऊन मग बोलले. "बसवा. पण एकही भोक पाडायचं नाही. काढला की गाडी जशीच्या तशी दिसली पाहिजे. भोक गाडीला पडलं, तर फाटेल माझा संसार!"

कासीमभाईंनी लष्करी भंगारातून ट्रकचा फिल्टर शोधून आणला. हिरवागार, घागरीएवढा. त्याच्या तळाशी तेल भरायचं. धूळ तेलात बसते आणि स्वच्छ हवा पुढं जाते. जुन्याच बोल्टाला पट्टी अडकवली, रबरी ट्यूब कापून नळी केली, सगळं झकास जमलं. फक्त बॉनेट लागेना!

नेमकं कुठं अडतंय ते बाहेरून दिसेना. हे घरात आले, माझ्या परातीतला कणकेचा गोळा उचलला आणि एक शब्द न बोलता निघून गेले. कणीक फिल्टरच्या डोक्यावर ठेवायची, बॉनेट दाबायचं, उघडायचं, कणीक किती चेपली ते बघायचं आणि पट्टी तेवढी खाली घ्यायची. पुन्हा कणीक, पुन्हा बॉनेट. जेवायच्या वेळेला कुठं ते लागलं.

गोळा परत आला तो ग्रीसच्या वासाचा. सासूबाई पानावर बसलेल्या. मी परात हातात घेऊन नुसती उभी. कासीमभाईंनी दारातूनच सांगून टाकलं, "आई, आज भात लावा. मोटार आधी जेवून बसली!"

* * *

कंपनीचा मूळ फिल्टर ठेवायला गॅरेजात सुरक्षित जागा नव्हती. म्हणून तो माझ्या फडताळात आला, धुतलेल्या धोतरात गुंडाळून, तांदळाच्या डब्याशेजारी. रावसाहेब कधी येतील याचा नेम नसायचा. ते स्टेशनवर उतरले, की दवाखान्याचा कंपाउंडर सायकल हाणत यायचा आणि लांबूनच ओरडायचा, "सासरा आला!" की कासीमभाई ओरडायचे, "फिल्टर काढा!" की मी पोळी तव्यावर टाकून फडताळ उघडायचे.

रावसाहेब यायचे, बॉनेट उघडायला लावायचे, पांढऱ्या रुमालानं कंपनीचा फिल्टर पुसल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "शाब्बास! कंपनीत बसलेली माणसं मूर्ख नसतात. त्यांच्यापुढं शहाणपणा करायचा नाही." डॉक्टर म्हणायचे, "हो ना." हे म्हणायचे, "अगदी बरोबर." पाठमोरे कासीमभाई हिरव्या फिल्टरवर बसून विडी ओढत असायचे, वर पोतं टाकलेलं.

रावसाहेब गेले, की पुन्हा उलट काम. पट्टी, नळी, तेल आणि धोतरातलं बाळ पुन्हा माझ्या फडताळात. करून करून सगळ्यांचे हात आंबले. एकदा पाना खाली ठेवत कासीमभाई म्हणाले, "या हिरव्याचं लग्न लागलंय राव! सासरा आला की पळतो माहेरी, सासरा गेला की हजर सासरी."

सगळे हसले. मी चहाचे कप उचलत होते. मनात आलं, निदान याला तरी जायला मिळतंय!

* * *

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पूजेला मांडतात. पाने, पकडी, हातोडे, सगळं पुसून पाटावर. दसऱ्याची आरती होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. या बाबतीत सासूबाईंपेक्षा कासीमभाई कडक. "हत्यार वर्षभर राबतं वैनी, एक दिवस निजू द्या त्याला."

पूजेला आणलेली डॉक्टरांची मोटारही अंगणात उभी होती. सासूबाईंनी तिला हळद-कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. मग म्हणाल्या, "आतलं नवं हाय, त्याला नगं व्हय?" आणि बॉनेट उघडून हिरव्या फिल्टरच्या गळ्यात घसघशीत झेंडूची माळ घातली. गळा म्हणजे नेमकी हवा आत जायची फट!

संध्याकाळी चऱ्होलीहून माणूस आला. बाई अडली होती, लवकर चला. डॉक्टर बॅग घेऊन धावत आले, गाडी सुरू केली. गाडी खोकली, काळा धूर सोडला आणि वेशीपर्यंत जाऊन बंद पडली. ढकलत परत आणली. बॉनेट उघडलं, तर माळ फटीत ओढली गेलेली आणि पाकळ्या तेलात न्हालेल्या!

फिल्टर उघडायला हवा होता. हत्यारं पाटावर निजलेली. हे पाटाकडं बघायला लागले, सासूबाई यांच्याकडं. कासीमभाई तडक स्वयंपाकघरात आले. "वैनी, सांडशी आणि उलथनं द्या. ही पूजेला नव्हती ना?"

नव्हती. सांडशीनं फिल्टरचा चिमटा सोडवला, उलथन्यानं झाकण उचकटलं, पाकळ्या बोटांनी काढल्या. डॉक्टर पोचेपर्यंत चऱ्होलीची बाई सुखरूप बाळंत झालेली! परत आल्यावर त्यांनी ते सांगितलं, तेव्हा सासूबाई निर्विकारपणे वाती वळत होत्या. म्हणाल्या, "माळंचीच पुन्याई. डागदर टायमात पोचला असता, तर कापलं नसतं व्हय?"

माझ्या सांडशीला अजून पेट्रोलचा वास येतो. दूध उतरवताना मी श्वास धरते.

* * *

दिवाळी जवळ आली. पहिला दिवाळसण. वडिलांनी चाकणहून कांद्याच्या गाडीवाल्याबरोबर निरोप पाठवला: जावयांना घेऊनच ये. यात "घेऊनच" महत्त्वाचं. पहिल्या दिवाळीला मुलगी एकटी आली, तर आमच्या आळीत लोक विचारायला घरी येतात. आईला फराळापेक्षा उत्तरं जास्त करावी लागतात.

मी यांना विचारलं, "कधी निघायचं?"

"गाडीची उबळ गेली की."

झेंडू निघाला होता, पण मोठ्या फिल्टरमुळं हवा आणि पेट्रोलचं प्रमाण अजून बसत नव्हतं. चढावर गाडी दम टाकायची. अर्धवट गाडी डॉक्टरांच्या गळ्यात मारून सणाला जाणं यांना पटत नव्हतं. ते बसवायला कार्ब्युरेटरचा एक बारीकसा स्क्रू होता, त्याच्या एका फेऱ्याला आटा म्हणायचे. दिवसभर दोघं तो पिळायचे, सोडायचे, गाडी भोसरीच्या चढापर्यंत नेऊन आणायचे. मी चहा घेऊन गेले, की कासीमभाई माझ्याकडं न बघता म्हणायचे, "झालंच वैनी. पाव आटा राहिलाय."

दुसऱ्या दिवशी पाव आटा. तिसऱ्या दिवशीही पाव आटा. वसुबारस गेली, धनत्रयोदशी आली. मी ट्रंक भरली, कपडे चुरगळतील म्हणून पुन्हा काढले, पुन्हा भरले. सासूबाई बघत होत्या. शेवटी गॅरेजच्या दारात जाऊन कडाडल्या, "आरं, पोरगी म्हातारी झाल्यावर न्हेनार हाय का तिला?"

आतून आवाज आला, "आई, पाव आटा!"

* * *

आणि तो पाव आटा बसला! नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी दुपारी गाडी भोसरीचा चढ न खोकता चढली. डॉक्टर खूश. म्हणाले, "मला चाकणला पेशंट आहेच. दोघं चला माझ्याबरोबर, दारात सोडतो." ट्रंक मागं ठेवली. आम्ही दोघं मागं बसलो. डॉक्टरांनी स्टीअरिंगला हात लावला आणि समोरून टांगा आला.

टांग्यातून रावसाहेब उतरले. दिवाळीला लेकीकडं आले होते. त्या दिवशी कंपाउंडर सुट्टीवर!

"चाकणला? वा! मीही येतो. गाडी कशी चालते ते तरी बघू," म्हणत ते पुढं डॉक्टरांशेजारी बसले. कासीमभाई बॉनेटकडं बघत राहिले, मग आभाळाकडं. आता काही काढता येत नव्हतं. यांनी बॉनेट उघडलं, तर गाडी आजच पुण्याला जाणार, डॉक्टर सायकलवर आणि माझा दिवाळसण चिंचवडात.

भोसरीच्या पुढं धूळच धूळ. समोरून ट्रक गेला, की रस्ताच दिसेना. गाडी मात्र मजेत चालली होती. रावसाहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, "बघा! एवढ्या धुळीत एकदा तरी अडली का? याला म्हणतात कंपनीचा माल!"

डॉक्टर म्हणाले, "हो ना." हे म्हणाले, "अगदी बरोबर." बरोबर म्हणताना आवाज चिरकला.

मोशीला इंद्रायणीच्या पुलाशी रावसाहेब म्हणाले, "थांबवा. रेडिएटरला पाणी घालू."

"लागणार नाही," डॉक्टर घाईघाईनं म्हणाले.

"लागतं. कंपनीच्या पुस्तकात आहे." आणि कुणी उतरायच्या आत रावसाहेबांनी स्वतः बॉनेट उघडलं.

हिरवा फिल्टर उन्हात चमकत होता.

"हे काय आहे?"

डॉक्टरांनी बॅग उघडून आत काहीतरी शोधायला सुरुवात केली. हे नदी बघत होते. नदीत बघण्यासारखं काही नव्हतं. चाकण समोर होतं आणि आई उंबऱ्यात रांगोळी घालत असेल. मी खाली उतरले, पदर सारखा केला. एवढ्या पुरुषमाणसांत मी पहिल्यांदाच आपणहून बोलले.

"माझे अनारसे आहेत. सासूबाईंनी दिलेत, माहेरी न्यायला. सादळू नयेत म्हणून इंजिनाच्या उबेला ठेवलेत."

रावसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मग डॉक्टरांकडं. मग वाकून फिल्टरच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. त्यांनी त्याचा वास घेतला, पांढऱ्या रुमालाला पुसलं, बॉनेट आपल्या हातानं लावलं आणि पुढं जाऊन बसले.

"चला. पोरीला दिवेलागणीच्या आत पोचवायचंय."

चाकणपर्यंत कंपनीचं नाव निघालं नाही. आमच्या दारात गाडी थांबली. वडील धावत आले, आई औक्षणाचं ताट घेऊन आली, भावानं ट्रंक उतरवली आणि विचारलं, "आणखी काही उतरवायचंय?"

मी यांच्याकडं बघितलं. यांनी बॉनेटकडं. पुढच्या सीटवरून रावसाहेब मान न वळवता म्हणाले, "अनारसे राहू देत गाडीतच. परतीच्या रस्त्यालाही धूळ आहे."